दोनशे दुलया

टोक जास्तच चकचकीत होतं.

रजिस्टरच्या आखीव चौकोनात, चिकटपट्टीखाली, सुईचे दोन तुकडे एकाखाली एक चिकटवलेले – वरचा दांडा काळपट, तेलकट, आठवडाभर मशीनमध्ये राबलेला. आणि खाली हे टोक, तांदळाच्या कणीएवढं, आत्ताच डबीतून काढल्यासारखं. दांडा तिरका तुटला होता, टोक सरळ. दोन्ही कडा एकमेकींना ओळखत नव्हत्या. सुकन्यानं अंगठ्यानं चिकटपट्टी दाबली, जसं काही दाबल्यानं त्या जुळतील... शेजारी तिच्याच गोल अक्षरात लिहिलं होतं – मंगळवार, पाच चाळीस, मशीन सात, सर्व तुकडे मिळाले. खाली दोन सह्या. मशीनवर बसणाऱ्या आक्काबाईची, एकेक अक्षर सुटं सुटं, आणि तिची स्वतःची, घाईनं पेन घसरलेली.

मिळाले नव्हते. हे टोक त्या सुईचं नव्हतंच, आणि त्या सुईचं टोक कुठं होतं हे आज गुरुवारी, सकाळच्या सव्वादहा वाजता, या जगात कुणालाही माहीत नव्हतं.

तिनं पान उलटलं. मागच्या बाजूनं कागदावर बारीकसा फुगवटा आला होता. तिनं दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, मग रजिस्टर मिटून त्यावर कोपर ठेवलं आणि समोरच्या ढिगातली पुढची दुलई ओढली. शिवण बघायची, कोपरे बघायचे, बटणं ओढून बघायची. बघणं हेच तिचं काम. चेकर. हात चालत राहिले. हातांना काय, त्यांना सवय असते.

दोन वर्षांपूर्वी ती सुप्याच्या या शेडमध्ये कामाला लागली तेव्हा शिवणाच्या आधी तिला हा नियम शिकवला होता. सुई तुटली की हात वर. मशीन बंद. चेकरनं लोहचुंबक घेऊन यायचं, टेबलावर फिरवायचं, फरशीवर, कापडाच्या घड्यांत, बसलेल्या बाईच्या ओटीतसुद्धा, आणि एकेक तुकडा रजिस्टरात चिकटवून सुई पुन्हा पुरती करून दाखवायची – मगच नवी सुई. एक कण जरी कमी भरला तरी त्या मशीनवरचा सगळा माल बाजूला काढून हातानं चाचपायचा. तिला तेव्हा राखेतून सावडतात ते आठवलं होतं. तशीच वाकलेली माणसं, तशीच शांतता. नियम तिला आवडला होता, खरं तर. तुटलेलं सगळं सापडेपर्यंत कुणी पुढं जायचं नाही, असं तिनं याआधी कुठं पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सुपरवायझर मोनिका मॅडम स्वतः चालत तिच्या टेबलाशी आल्या होत्या. मोबाईल आत आणू देत नाहीत, त्यामुळे घरचा निरोप ऑफिसच्या फोनवर येतो. "सुकन्या, आईचा फोन होता. बाळाला एकशे दोन ताप आहे, पीत नाहीये म्हणाल्या. सहाची बस चुकवू नकोस. इथलं आटप आणि नीघ." आटप. पाच चाळीसला आक्काबाईचा हात वर. वीस मिनिटं. तिनं लोहचुंबक फिरवलं, दांडा मिळाला, मधला कण मिळाला नाही की टोक मिळालं नाही... गुडघ्यांवर बसून फरशी पाहिली, कानात मुक्ता रडत होती, अकरा महिन्यांची मुक्ता, जी त्या वेळी तीन किलोमीटरवर पत्र्याच्या खोलीत होती आणि जिचं रडणं इथं ऐकू येणं शक्य नव्हतं. टेबलाच्या खणात लोहचुंबकाच्या पाठीला एका कोऱ्या सुईचं मोडकं टोक चिकटलेलं होतं. कधीचं कोण जाणे. तिनं ते पाहिलं. आक्काबाईनं तिला ते पाहताना पाहिलं. सुकन्यानं ते खुडून रजिस्टरात चिकटवलं. इतकंच झालं होतं. हाताला ते करायला दहा सेकंदसुद्धा लागली नव्हती – आणि बस मिळाली होती, खिडकीजवळची जागासुद्धा.

मंगळवारी मशीन सातवर लेबल लागलेल्या त्या दोनशे दुलया छोट्या होत्या. दोन वर्षांच्या आतल्या लेकरांच्या. सीरिया नावाच्या देशात जायच्या होत्या.

दिवाळीआधी एका संस्थेची माणसं आली होती, तेव्हा कॅन्टीनच्या भिंतीवर पडदा लावून सगळ्यांना चित्रफीत दाखवली होती. लढाई सरली होती, बारा-तेरा वर्षं तंबूत काढलेली माणसं गावी परतत होती. गाव म्हणजे काय, तर नुसत्या उभ्या भिंती. एक बाई, डोक्याला काळा रुमाल, छप्पर नसलेल्या घरात फरशी झाडत होती. वर आभाळ, आणि ही कोपऱ्यातून झाडत येतेय, उंबऱ्यापाशी केर जमवतेय. प्रत्येक परतलेल्या कुटुंबाला एक संच मिळणार होता: शेगडी, भांडी, चार मोठ्या दुलया, तान्हं असेल तर एक छोटी. बटणं लावली की तिची पिशवी होते, लेकरू आत, तोंड तेवढं बाहेर. मग मोठ्या साहेबांनी भाषण केलं – तुम्ही नुसत्या दुलया शिवत नाही, तुम्ही एका देशाच्या उभारणीला हातभार लावताय, थंडीच्या आत माल पोचलाच पाहिजे. मागून आक्काबाई पुटपुटली होती, "देश उभा करायचाय त्यांना, आन् हिकडं माझं कंबरडं उभं ऱ्हाईना." सगळी रांग तोंडावर पदर धरून खुदखुदली होती. सुकन्याही हसली होती. पण ती झाडणारी बाई तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती, कारण ते झाडणं तिच्या ओळखीचं होतं...

पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर दसऱ्यानंतर घरांना कुलपं लागत. आई-बाप, बैल, कोंबड्या, कोयते, सगळं गाडीत, आणि सहा महिने उसाच्या फडावर, पाचटानं शाकारलेल्या कोपीत. लढाई-बिढाई काही नाही. कुणी हाकललं नव्हतं. पाणी नव्हतं, एवढंच. पण पाडव्याच्या पुढंमागं परत येऊन कुलूप काढलं की आई आधी देव पाहायची नाही, चूल पाहायची नाही, ती खराटा घ्यायची. लेकरांना उंबऱ्याबाहेर उभं करायची. सहा महिन्यांची माती, पालींच्या लेंड्या, एकदा चुलीत सापानं टाकलेली कात... सगळं झाडून झाल्यावर म्हणायची, "या आता. आपलं हाय." ती बाईही झाडून झाल्यावर असंच काहीतरी म्हणाली असेल. तिच्या भाषेत. आणि मग संच उघडला असेल, म्हणजे उघडेल, अजून दीड-दोन महिन्यांनी, आणि छोटी दुलई बाहेर काढून...

हातातल्या दुलईचं बटण तिनं इतकं ओढलं की निघून हातात आलं.

"आज ध्यान कुठंय गं?" मशीन सातवरून आक्काबाईचा आवाज. पन्नाशीची, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. सुकन्याला इथं चिकटवलं होतं तिनंच. बाळंतपणानंतर परत घ्या म्हणून मोनिका मॅडमपाशी तीनदा जाऊन आलेलीही तीच.

सुकन्या दुलया उचलण्याच्या निमित्तानं तिच्याशेजारी गेली, वाकली. "आक्का, ते टोक तिथंच हाय."

"कुठं?"

"दुलईत. लेबलाच्या शिवणीत. दुसरीकडं कुठं जाणार? फरशी मी दोन दिस झाडून बघितली."

आक्काबाईचं पाऊल पायपट्टीवरून उचललं गेलं नाही. मशीन धडधडतच राहिलं, उलट तिनं वेग वाढवला. त्या आवाजाच्या आडोशानं बोलली. "डिटेक्टर हाय की. धातू असता तर ओरडला नसता व्हय?"

"डिटेक्टर लेबलाच्या आधी. तुमची सुई तुटली त्याच्यानंतर. आन् आता बटणं बसल्यात, लोखंडाची. आता मशीनीत घातलं तर सगळ्याच वरडतील."

"मग वरडू दे."

"आक्का..."

"काय आक्का? सत्यवादी हरिश्चंद्राची लेक व्हय तू? टोक येवढंसं. गेलं असंल कापसात. कापूस धरून ठेवतो." मशीन थांबलं. आक्काबाईनं दोरा दातानं तोडला, आणि आवाज एकदम खाली आणला. "नोटीस वाचलीस ना दारावरची? खोटी नोंद घावली तर सही करणारी बाहेर. दोघींच्या सह्या हायेत, पोरी. तुझा नवरा कमावतो. माझा कोण बसलाय? मला हितनं काढलं तर ह्या वयात कोण मशीनीवर बसवंल, सांग की. आन् माल थांबला तर त्या पोरांचं काय? थंडीत बिन दुलईची काढतील ती? एका सुईपायी?"

तिचं सगळं खरं होतं. हीच तर अडचण होती. मंगळवारपासून सुकन्या जे स्वतःशी बोलत होती तेच आक्काबाई बोलली होती, शब्द बदलून – आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते अधिकच बरोबर वाटत होतं. दोनशे लेकरं. एक टोक. त्यातही ते शिवणीत अडकून बसेल, वर्षभर बसेल, धुण्यात निघून जाईल. दोनशेतली एकशे नव्व्याण्णव उबेत झोपतील. कुणीही हिशेब केला तर...

तिनं हिशेब सोडून दिला. ती दुलया घेऊन परत टेबलाशी आली. अकरा वाजले होते. कंटेनर चारला निघणार होता.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. शेडच्या मागच्या अंगाला, जिथं माल चढवतात, तिथं गेली. लाल कंटेनर दार उघडं टाकून उभा होता, आत अंधार, आणि अंधारात पांढऱ्या गठ्ठ्यांची भिंत. हमाल सूर्यभान खोक्यावर बसून भाकरी खात होता.

"या चेकर मॅडम! आज आमच्या खात्यात? भाकरीला शिवण घालायची हाय का?"

"दादा, मंगळवारचे, एकतीस ते चौतीस नंबरचे गठ्ठे कुठं आले?"

"कुठले, बारक्यांचे? ते तर कालच भरले. पार आतल्या भिंतीला." त्यानं हातातल्या मिरचीनं अंधाराकडं दाखवलं. "त्यांच्याम्होरं दीडशे गठ्ठे लागलेत. का?"

"काही नाही. आकडा टाकायचा राहिला होता."

"मग आकडा टाका की, गठ्ठा कशाला बघायला पाहिजेल?" तो हसला, मग तिच्या तोंडाकडं पाहून हसणं थांबवलं. "काय घोळ हाय का? असला तर तीनच्या आत सांगा बरं. साडेतीनच्या चहानंतर सील लागतं. येकदा सील लागलं का मग ते थेट तिकडंच फुटतं."

तिकडंच. कंटेनरच्या दारातून थंड, नव्या कापडाचा वास येत होता. तिला आत शिरावंसं वाटलं – दीडशे गठ्ठ्यांच्या फटीतून आडवं होऊन, सरपटत, भिंतीपर्यंत... आणि मग अंधारात एकेक दुलई गालाला लावून बघायची, जशी आई बघते. हो, आई गालानं बघते. गोधडी शिवून झाली की आई ती जमिनीवर पसरते, आधी तळहातानं सगळी थोपटते, मग गाल लावते, मग पाठीवरचा पदर काढून स्वतः तिच्यावर लोळते, इकडून तिकडं, म्हातारपणीसुद्धा. आणि मगच लेकराला खाली ठेवते. मुक्ताच्या बारशाला आलेल्या बायका हसल्या होत्या. आई हसली नव्हती.

लॉकरमधून मोबाईल काढून तिनं घरी फोन लावला. तिच्या आईनं, लंकाबाईनं, उचलायला वेळ लावला. तिला हिरवं कुठं आणि लाल कुठं हे अजून शोधावं लागतं.

"हालो? सुकू व्हय? आगं दात आलाय! मुक्ताला. खालचा. चमचा वाजवून बघितला, टण् करतोय."

"ताप?"

"कशाचा ताप? त्या दाताचाच हुता. सकाळधरनं नुसती खिदळायलीय. उगी मंगळवारी तुला पळवलं मी, काम टाकून. मॅडम काय बोलल्या न्हाईत ना?"

"नाही."

"मी तरी काय करू, रडायली ती. लेकरू उगं रडत न्हाई, सुकू. आपल्याला कळत न्हाई, येवढंच."

दात. एक दात येत होता, एवढ्यासाठी... सुकन्या लॉकरच्या पत्र्याला टेकली. पत्रा गार होता. आई पलीकडून अजून काहीतरी सांगत होती, शेजारणीनं मेथी दिली, जावई, अजिनाथ, रात्रपाळीचा झोपलाय अजून. पण तिला ऐकू येत होतं ते आधीचंच वाक्य. ते आई नेहमी म्हणते. मुक्ता पोटात होती तेव्हापासून म्हणते. ते तिचं वाक्य कुठून आलंय हे या जगात दोघींनाच माहीत आहे, आणि दोघी ते कधी बोललेल्या नाहीत.

मी आठ वर्षांची होते. श्रीगोंद्याच्या बाजूला एका फडावर आमची कोपी होती, माझा भाऊ बिभीषण सहा महिन्यांचा. आई-बाप पहाटे फडात जायचे आणि कोपीत मी आणि तो. त्यानं गोधडी ओली केली की मी ती वाळत घालायची. दोरी होती, पण दोरी उंच होती. मग मी बांधाच्या कुंपणावर टाकायची, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, कुणीतरी बजावलं होतं टाकायचं नाही म्हणून, पण तिथं ऊन चांगलं यायचं... तो तीन दिवस रडला. दूध घ्यायचा, आणि रडायचा. उचललं की गप्प, ठेवलं की रडायचा. आई म्हणाली पोट दुखतंय, ओवा चोळला. दुसऱ्या दिवशी म्हणाली दृष्ट लागली. रात्रभर जागी, पहाटे पुन्हा मोळ्या बांधायला. मुकादम येऊन कोपीच्या तोंडाशी ओरडून गेला की तुझ्या पोरापायी आख्खा अड्डा जागा ऱ्हातोय, उद्या कामाला कोण तू एकलीच येणार का. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरीला आली, त्याला खाली ठेवलं, तो किंचाळला, आणि आईनं – माझ्या आईनं, जिनं मला कधी बोट लावलं नाही – त्या सहा महिन्यांच्या जिवाच्या गालावर चापट मारली. चांगली सणसणीत. त्याचा श्वास अडकला. कोपीत एकदम इतकं शांत झालं की बाहेर बैल रवंथ करताना ऐकू येत होता.

संध्याकाळी त्याला न्हाऊ घालताना सापडला. काटा. गोधडीच्या दोन थरांच्या मधे मोडलेला, उताणं ठेवलं की टोचणारा. पाठीवर बरोबर एकाच जागी बारीक बारीक ठिपके, जसं कुणी दोऱ्याशिवाय शिवत बसलंय. काटा ओढून आईनं चुलीत टाकला आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसली. किती तरी वेळ. तिनं मला विचारलं नाही, गोधडी कुठं वाळत घातली होती. कधीच विचारलं नाही. तिला माहीत असावं.

बिभीषण आता पुण्याला टेम्पो चालवतो. त्याला काही आठवत नाही. काट्यानं त्याचं काही बिघडलं नाही. आक्काबाई म्हणते तसंच, येवढंसं टोक...

घंटा झाली तशी ती टेबलाशी परतली. दोन वाजले, सव्वादोन. दुलया येत होत्या, जात होत्या. आता या पुढच्या खेपेच्या होत्या, मोठ्या माणसांच्या. शिवण, कोपरे, लेबलं. आक्काबाई अधूनमधून चष्म्यावरून तिच्याकडं बघत होती आणि बघितलं न बघितलंसं करून परत मान खाली घालत होती. त्या नजरेत राग नव्हता, हे वाईट होतं. एकदा उठून तिनं स्वतःच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू सुकन्याच्या टेबलावर ठेवला – "जेवली न्हाईस, बघितलं मी. अंगावर पाजतीस ना अजून?" – आणि उत्तराची वाट न बघता गेली. लाडू कागदावर तेल सोडत बसला.

ज्या बाईला तिनं कधी बघितलं नाही ती बाई दुलई पसरेल. नवी आहे, शहाण्या माणसांनी दुरून पाठवलेली आहे, तिच्यावर लोळून बघायचं तिला कशाला सुचेल? लेकरू आत घालील, बटणं लावील. ते रडेल. ती पाजील, उचलील, ठेवील. खिडक्यांना तावदानं नसतील, नवरा दिवसभर विटा उचलून आलेला असेल, किंवा नवरा नसेलच, शेजारी भिंतीपलीकडं आणखी एक कुटुंब, तेही तितकंच थकलेलं. बारा वर्षं तंबूत काढून ही आत्ता कुठं स्वतःच्या दाराआड आलीय आणि पहिल्याच रात्री पोर गप्प होत नाही. ती म्हणेल पोट दुखतंय. म्हणेल, घर धार्जिणं नाही. दुसरी रात्र. तिसरी...

आणि मग तिचा हात उठेल.

दोन दिवस सुकन्याला टोक दिसत होतं – कापसात, शिवणीत, एखाद्या इवल्या मांडीत. त्या टोकाला ती घाबरत होती, आणि टोकाला घाबरणं सोपं होतं. टोक लहान असतं, हरवतं, गंजतं. इथून जे निघालं होतं ते टोक नव्हतं. ती चापट होती. ती गठ्ठ्यात बांधून, आकडा टाकून, सही करून आपण पाठवतोय, आणि ती मारणारीला जन्मभर वाटत राहील की ती आपलीच होती. पोर विसरेल. पोरं विसरतात. ती बाई नाही विसरायची, ती म्हातारी होईल, नातवंडांना खाली ठेवण्याआधी आपली पाठ उघडी करून... आणि तिला कुणी सांगायला जाणार नाही. बाई गं, तुझा काही दोष नव्हता. नगर जिल्ह्यात एका मुलीला बस गाठायची होती.

तीन वाजून वीस मिनिटं.

ती उठली तेव्हा उठायचं असं तिनं ठरवलेलं नव्हतं. पायांना रक्त यावं म्हणून माणूस उठतं तशी उठली. मोनिका मॅडमचं टेबल शेडच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस मशीनं ओलांडून. पहिल्या चार-पाच मशीनांपर्यंत ती स्वतःला सांगत होती की पाणी प्यायला चाललोय. सातव्यापाशी आक्काबाईनं मान वर केली. सुकन्या थांबली. वाटलं, काहीतरी बोलावं, माझी एकटीचीच सही होती म्हणून सांगते असं म्हणावं, पण ते खोटं झालं असतं, सही दोघींची होती, रजिस्टरात दिसत होती. आणि आणखी एक खोटं कुठून आणायचं. घर आहे, अजिनाथ आहे, आई आहे. आक्काबाईला कोण आहे? हेही खरंच. एका बाईच्या हाताला काही लागू नये म्हणून दुसऱ्या बाईच्या हातातलं काढून घ्यायचं. याला काय म्हणतात तिला माहीत नव्हतं, बरोबर तर नक्कीच म्हणत नसतील.

"जाऊ नगं," आक्काबाई म्हणाली. मशीन चालूच होतं, शब्द नुसते ओठांवर दिसले. मग तिनं मान फिरवली आणि कापड पुढं सारलं, नीट, काठाला काठ लावून, जसं रोज लावते.

मोनिका मॅडम मालाची यादी तपासत होत्या, पेनाची टोपी दातांत. शेजारच्या दाबयंत्राची वाफ फुस्स करून सुटली. सुकन्या टेबलाला अगदी लागून उभी राहिली. तिनं ऐकलं – स्वतःला ऐकलं, शांतपणे, भाजी किती घ्यायची ते सांगावं तशा आवाजात – "मॅडम, मंगळवारचं सुईचं टोक खोटं आहे. मीच लावलं. खरं टोक दुलईत गेलंय."

"काय?" मॅडमनी टोपी तोंडातून काढली, कानाकडं बोट नेलं. "काही ऐकू नाही आलं. थांब, चहाची होईलच आता."

झालीच. घंटा वाजली आणि मशीनं थांबत गेली, आधी दूरची, मग जवळची, एकेक करून, आणि त्या सगळ्या आवाजाखाली इतका वेळ दबून राहिलेली शांतता वर आली. खुर्च्या सरकल्या. बाया उठल्या, हात वर करून पाठी मोडू लागल्या, कुणीतरी जांभई दिली. सात नंबरवर कुणी उठलं नाही. बाहेर, मागच्या अंगाला, कंटेनरच्या लोखंडी दाराचं एक पान कुरकुरत मिटलं. एकच पान. दुसरं अजून...

"हं, बोल आता," मॅडम म्हणाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "बाळ बरं आहे ना गं? परत ताप आहे का? सुट्टी हवीय?"

किती सोपी वाट होती. मॅडमनी आपल्या हातानं झाडून ठेवलेली. हो म्हटलं की झालं, साडेचारला घरी, चमच्यावर दात वाजवायला. एकदा तर बोलून झालंच होतं, नाही ऐकू गेलं त्याला ती काय करणार, असंही म्हणता आलं असतं, आणि आयुष्यभर म्हणता आलं असतं. सुकन्यानं त्या वाटेकडं पाहिलं. तिला नवल वाटलं ते याचं, की भीती कुठंच गेली नव्हती. मंगळवारी होती तेवढीच होती. फक्त मंगळवारपासून जी तिला मागून पदराला धरून होती ती आता पाठीवर हात ठेवून पुढं सारत होती.

चहाच्या किटलीकडं निघालेल्या दोघी-तिघी थबकून बघू लागल्या.

"बाळ बरंय, मॅडम," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की हे वाक्य इथं संपत नाहीये.